ध्रुवीय सागराचे रासायनिक साक्षीदार : मागोवा-द्रव्य पद्धतीचा एक चिकित्सक अभ्यास

सारांश

ध्रुवीय सागरातील पाणी कोठे बुडते, किती काळाने कोठे पोहोचते, हे पाण्यात विरघळलेल्या काही द्रव्यांवरून ठरविले जाते. इंग्रजीत 'ट्रेसर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या द्रव्यांना प्रस्तुत लेखात 'मागोवा-द्रव्ये' अशी संज्ञा योजली आहे. या पद्धतीने काढलेली पाण्याची 'वये' पाठ्यपुस्तकांत अनेकदा मोजलेली तथ्ये म्हणून मांडली जातात. वस्तुतः ती तीन गृहीतकांवर उभी असतात आणि ही गृहीतके ध्रुवीय सागरातच सर्वाधिक दुबळी ठरतात. सिलिकॉन-३२ संशोधनाच्या आधारे या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा या लेखाचा उद्देश होय.

बीजशब्द : मागोवा-द्रव्य, ध्रुवीय सागर, अभिसरण, सिलिकॉन-३२, क्लोरोफ्लुरोकार्बन, अर्धायुष्य.

१. प्रस्तावना

हिंदी महासागर उत्तरेकडे आशिया खंडाने बंद केलेला आहे. अटलांटिक महासागराप्रमाणे त्याच्या उत्तर टोकाशी थंड पाणी खोल तळाशी बुडत नाही. त्यामुळे अरबी समुद्राच्या व बंगालच्या उपसागराच्या तळाशी असलेले गार पाणी दक्षिणेकडूनच आलेले असते, आणि त्याचा मोठा वाटा अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरातून येतो. तेथे हिवाळ्यात समुद्राचे पाणी गोठते, गोठताना मीठ मागे सोडते, आणि उरलेले खारट, जड पाणी खंडाच्या उतारावरून घसरत तळ गाठते. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर खोल तळाशी असलेल्या या पाण्याने शेवटचा मोकळा वारा दक्षिण ध्रुवाजवळ घेतला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा प्रवास किती वर्षांचा, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. बुडणारे पाणी आपल्याबरोबर उष्णता, प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड खाली नेते. मानवाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जो भाग सर्व महासागर मिळून शोषतात, त्यातील सुमारे ४० टक्के वाटा एकट्या दक्षिण सागराचा मानला जातो. अभिसरणाचा वेग चुकीचा धरला तर हा हिशेबही चुकतो.

परंतु खोल पाण्याचा सरासरी वेग इतका मंद असतो की प्रवाहमापक यंत्राने काही महिने वा वर्षे केलेली नोंद शतकांच्या प्रवासाबद्दल फारसे सांगू शकत नाही. शिवाय हिवाळ्यातील बर्फाच्छादनाखाली जहाज नेणे दुष्कर असते. म्हणून संशोधक पाण्याच्या अंगावरील खुणा वाचतात. या खुणा तीन प्रकारच्या असतात. प्राणवायू, सिलिकेट, ऑक्सिजन-१८ यांसारख्या स्थिर नैसर्गिक खुणा हा पहिला प्रकार. कार्बन-१४ व सिलिकॉन-३२ यांसारखी नैसर्गिक किरणोत्सर्गी द्रव्ये हा दुसरा. क्लोरोफ्लुरोकार्बन, सल्फर हेक्साफ्लुओराइड, अणुस्फोटांतून आलेले ट्रिटियम व अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून आलेले आयोडिन-१२९ ही मानवनिर्मित द्रव्ये हा तिसरा प्रकार होय.

२. तीन गृहीतके

मागोवा-द्रव्यावरून पाण्याचे वय काढणे म्हणजे घड्याळ वाचणे असे सामान्यतः समजावले जाते. हे रूपक उपयुक्त आहे. मात्र ते स्वीकारताना तीन अटी आपोआप मान्य केल्या जातात. पहिली, पाणी पृष्ठभाग सोडत असताना घड्याळ शून्यावर लावलेले होते. दुसरी, घड्याळाची गती ठाऊक आहे आणि वाटेत कोणी काटे हलविलेले नाहीत. तिसरी, हातात आलेला नमुना हे एकाच वयाचे, एकाच वाटेने आलेले पाणी आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, ती सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो म्हणून. सागरात ही खात्री कोणी देत नाही. या तिन्ही अटी ध्रुवीय सागरात कशा ताणल्या जातात, ते क्रमाने पाहणे आवश्यक ठरते.

३. शून्यावर न लागलेले घड्याळ

कार्बन-१४ हे पहिल्या अटीचे ठळक उदाहरण होय. जगातील बहुतेक भागांत समुद्राच्या पृष्ठजलाचे कार्बन-१४ वय सुमारे ४०० वर्षे भरते, कारण हवेशी देवाणघेवाण पूर्ण होण्यापूर्वीच ते पाणी खालच्या जुन्या पाण्यात मिसळते. अंटार्क्टिकाभोवती हा आकडा हजार वर्षांच्याही पुढे जातो. तेथे खोल, जुने पाणी वर येते, पृष्ठभागावर थोडाच काळ राहते, त्यातही काही काळ बर्फाखाली झाकलेले असते, आणि पुन्हा बुडते. परिणामी नुकत्याच मेलेल्या अंटार्क्टिक सीलच्या अवशेषांचे कार्बन-१४ वय हजार वर्षांहून अधिक निघते. सील जुना नसतो. तो ज्या पाण्यातील अन्नावर वाढला ते पाणी या घड्याळानुसार जुने असते. तळाच्या पाण्याचे वय या घड्याळावर वाचणाऱ्याला आरंभीच हजारभर वर्षांची वजाबाकी करावी लागते, आणि ही वजाबाकी किती करावी हे दरवेळी नव्याने ठरवावे लागते.

क्लोरोफ्लुरोकार्बन ही द्रव्ये या बाबतीत अधिक भरवशाची वाटतात. ती निसर्गात नव्हती. १९३० च्या दशकापासून शीतकपाटे व फवाऱ्यांचे डबे यांतून ती हवेत गेली. जेम्स लव्हलॉक यांनी १९७१-७२ मध्ये ब्रिटन ते अंटार्क्टिका या सागरप्रवासात त्यांतील सीएफसी-११ सर्वत्र हवेत मोजता येते हे दाखविले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर उत्पादन घटत गेले. हवेतील सीएफसी-११ चे प्रमाण १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात, तर सीएफसी-१२ चे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिखरावर पोहोचून उतरू लागले. अर्थात कोणत्या वर्षी हवेत किती प्रमाण होते याची नोंद उपलब्ध आहे. पाण्यातील प्रमाण मोजावे, त्या प्रमाणाशी जुळणारे हवेचे वर्ष शोधावे, म्हणजे पाणी केव्हा बुडाले ते कळेल, अशी ही सरळ पद्धत आहे.

अडचण 'जुळणारे' या शब्दात आहे. पाणी हवेशी पूर्ण समतोल साधून बुडाले असे यात गृहीत धरलेले असते. ध्रुवीय हिवाळ्यात समुद्रावर बर्फाचे झाकण असते आणि जेथे झाकण फाटते तेथे पाणी इतक्या झपाट्याने खाली जाते की वायू विरघळण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. असे अर्धतृप्त पाणी प्रत्यक्षात ताजे असूनही गणितात जुने दिसते. शिवाय हवेतील प्रमाण उतरणीला लागल्यापासून एकच मूल्य दोन वेगवेगळ्या वर्षांशी जुळू शकते. म्हणूनच अद्याप वाढत असलेल्या सल्फर हेक्साफ्लुओराइडची जोड आता क्लोरोफ्लुरोकार्बनला दिली जाते.

४. मुंबईचे घड्याळ : सिलिकॉन-३२

दुसऱ्या अटीची कसोटी पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल (१९२९-२०१२) व त्यांचे सहकारी विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण होणाऱ्या समस्थानिकांचा अभ्यास करीत होते. विश्वकिरण हवेतील अरगॉनच्या अणूंवर आदळून अत्यल्प प्रमाणात सिलिकॉन-३२ तयार करतात. ते पावसाबरोबर समुद्रात येते आणि सिलिकाची कवचे व सांगाडे बांधणारे जीव ते उचलतात. लाल यांनी एडवर्ड गोल्डबर्ग व मिनोरू कोइडे यांच्यासह १९६० साली सागरी स्पंजांत हे समस्थानिक निसर्गतः आढळते असे दाखवून दिले. सागराच्या अभिसरणासाठी शतकांच्या मापाचे एक नवे घड्याळ हाती आले, अशी ही घटना होती.

मोजमापातील कौशल्यही नोंद घेण्याजोगे आहे. सिलिकॉन-३२ चा स्वतःचा किरणोत्सर्ग क्षीण असतो. म्हणून त्याच्या विघटनातून जन्मणारे, सुमारे १४ दिवसांचे अर्धायुष्य असलेले फॉस्फरस-३२ वेगळे काढून मोजले जाई. त्यासाठी लागणारा सिलिका प्रचंड प्रमाणातील पाण्यातून गोळा करावा लागे. जहाजावर एवढे पाणी चढविण्याऐवजी लोहाच्या हायड्रॉक्साइडचा लेप दिलेले स्पंज वा तंतू समुद्रातच ठेवून द्रव्य जागेवर शोषून घेण्याची युक्ती लाल, जेम्स अरनॉल्ड व बी. एल. के. सोमयाजुलू यांनी १९६४ मध्ये मांडली. १९७२ साली लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले व ही परंपरा तेथे रुजली. १९७० च्या दशकातील 'जिओसेक्स' या आंतरराष्ट्रीय सागर-रसायन मोहिमेशी ती जोडली गेली.

मात्र या घड्याळाची गतीच दीर्घकाळ अनिश्चित राहिली. आरंभीच्या दशकांत सिलिकॉन-३२ चे अर्धायुष्य सुमारे ५०० ते ७०० वर्षे मानले जात होते. १९८० मध्ये त्वरकाच्या साहाय्याने प्रत्यक्ष अणू मोजणाऱ्या पद्धतीने ते सुमारे १०० वर्षे निघाले. १९८६ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन येथे अनेक वर्षांच्या मोजणीतून सुमारे १७० वर्षे हे मूल्य आले. त्याच मोजणीत ऋतूनुसार होणारे सूक्ष्म चढउतारही आढळले. मोजणाऱ्या उपकरणालाही हवामान लागते, याची ती आठवण होती. आज हे मूल्य १५० वर्षांच्या आसपास धरले जाते.

याचा अर्थ आकड्यांत पाहता येतो. एखाद्या खोल नमुन्यात प्रति ग्रॅम सिलिकामागील किरणोत्सर्ग पृष्ठजलाच्या एक चतुर्थांश आढळला, तर दोन अर्धायुष्ये उलटली असा निष्कर्ष निघतो. अर्धायुष्य ६५० वर्षे मानणाऱ्यासाठी ते पाणी १३०० वर्षांचे ठरते. १५० वर्षे मानणाऱ्यासाठी अवघे ३०० वर्षांचे. मोजलेली संख्या एकच, परंतु सागराची दोन वेगळी चित्रे उभी राहतात. या उदाहरणाने मुंबईतील संशोधनाचे मोल कमी होत नाही. उलट, मूळ मोजणी व तिचा काल-अर्थ वेगळे ठेवल्यामुळेच जुनी निरीक्षणे नव्या अर्धायुष्याने पुन्हा वाचता येतात. जेथे केवळ 'वय' छापले जाते आणि मोजणी मागे पडते, तेथे अशी दुरुस्ती शक्य होत नाही.

सिलिकॉन-३२ ची दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. दक्षिण सागर हे डायाटम या सिलिकाधारी सूक्ष्म वनस्पतींचे आगर होय. त्या पृष्ठभागावरील सिलिकॉन उचलतात, मरून खाली पडतात व खोलवर पुन्हा विरघळतात. अशा रीतीने सिलिकॉन-३२ पाण्याबरोबर तसेच पडणाऱ्या कणांबरोबरही खाली जाते. पाण्याचा प्रवास व कणांचा प्रवास एकाच आकड्यात मिसळलेला असतो. साक्षीदार खोटे बोलत नाही. तो दोन घटनांची साक्ष एका दमात देतो.

५. संत्र्यांचा ढीग व पाण्याचे 'वय'

तिसरी अट सर्वांत कमी चर्चिली जाते. ती समजण्यासाठी नागपुरातील कळमना येथील कृषी उत्पन्न बाजाराचे उदाहरण पुरेसे आहे. हंगामात तेथे काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी अशा भागांतून संत्री येतात. समजा, एका ढिगात काल तोडलेली निम्मी व नऊ दिवसांपूर्वी तोडलेली निम्मी फळे मिसळली. ढिगाचे सरासरी वय पाच दिवस येईल. पण पाच दिवसांपूर्वी तोडलेले एकही फळ त्यात नसेल. त्या सरासरीवरून काटोल ते कळमना हे अंतर कापण्यास पाच दिवस लागतात असे कोणी म्हटले तर कोणताही अडत्या हसेल.

खोल सागरातील प्रत्येक नमुना असा ढीग असतो. त्यात वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या काळी निघालेले पाणी असते. त्यातही एक सूक्ष्म भेद आहे : निरनिराळी मागोवा-द्रव्ये एकाच ढिगाची निरनिराळी सरासरी सांगतात. १९३० पूर्वी बुडालेल्या पाण्यात क्लोरोफ्लुरोकार्बन नसतेच. म्हणून ते द्रव्य ढिगातील ताज्या फळांचाच वास सांगते. कार्बन-१४ जुन्या फळांकडे झुकते. त्यामुळे एकाच नमुन्याचे एका द्रव्यावरून काही दशके व दुसऱ्यावरून काही शतके वय निघाले, तर कोणतीही मोजणी चुकलेली नसते. 'एक वय' हा प्रश्नच अपुरा असतो. १९९० च्या दशकापासून संशोधकांनी या प्रश्नाऐवजी 'वयांचे वितरण' शोधण्यास आरंभ केला, ही या शाखेतील खरी वैचारिक प्रगती होय.

६. चूक कोठे महाग पडते

ही चर्चा केवळ पद्धतीची नाही, हे कार्बनच्या हिशेबावरून स्पष्ट होते. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सबाइन व सहकाऱ्यांनी १८०० ते १९९४ या काळात महासागरांनी ११८ अब्ज टन मानवनिर्मित कार्बन शोषल्याचा अंदाज मांडला. त्यात १९ अब्ज टनांची कमी-अधिक अनिश्चितता होती. या गणनेत क्लोरोफ्लुरोकार्बनवरून काढलेली वयेही वापरली गेली होती. २००६ मध्ये वॉ व सहकाऱ्यांनी वयांच्या वितरणाची पद्धत लावली, तेव्हा १९९४ साठी १३४ अब्ज टन हा आकडा आला. परंतु त्यांनी आपलीच पद्धत सागराच्या संगणकीय प्रतिरूपावर तपासली. दक्षिण सागराबाहेर ती नीट जुळली. दक्षिण सागरात मात्र हवा व पाणी यांच्यातील असमतोल काळानुसार बदलत नाही, हे गृहीतक ढळले, आणि जागतिक बेरीज सुमारे २० टक्क्यांनी फुगल्याचे दिसले. दुरुस्तीनंतर ९४ ते १२१ अब्ज टन अशी मर्यादा त्यांनी दिली. ध्रुवाजवळच्या पृष्ठजलाबद्दलचे एक गृहीतक संपूर्ण पृथ्वीचा ताळेबंद हलवू शकते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. आणि स्वतःच्या पद्धतीची उलटतपासणी करून ती जाहीर करण्याचा हा प्रांजळपणा अनुकरणीय होय.

उत्तर ध्रुवाकडे चित्र काहीसे निराळे आहे. ब्रिटनमधील सेलाफिल्ड व फ्रान्समधील ला हाग येथील अणुइंधन पुनर्प्रक्रिया केंद्रांतून समुद्रात गेलेले आयोडिन-१२९ उत्तर समुद्र व नॉर्वेच्या किनाऱ्याने आर्क्टिक महासागरात पोहोचते. उगम मोजके, विसर्गाच्या नोंदी उपलब्ध, आणि अर्धायुष्य सुमारे १ कोटी ५७ लाख वर्षे असल्याने विघटनाचा प्रश्न नाही. बेरिंग सामुद्रधुनीतून येणाऱ्या प्रशांत महासागरीय पाण्यावर ही खूण जवळजवळ नसल्याने दोन्ही पाणी वेगळे ओळखता येतात. प्रदूषणाची नोंद जितकी काटेकोर, तितका साक्षीदार विश्वासार्ह, असा हा विरोधाभास आहे. तरीही तिसरी अट येथेही लागू राहतेच, कारण दोन केंद्रांचे विसर्ग वाटेतच मिसळतात.

७. साक्षीला जोड पुराव्याची

मागोवा-द्रव्यांची योग्य भूमिका कोणती, याचे उत्तम उदाहरण भारताच्या 'भारती' या संशोधन केंद्राच्या परिसरात सापडते. २०१२ मध्ये कार्यान्वित झालेले हे केंद्र पूर्व अंटार्क्टिकातील प्रिड्झ उपसागराजवळ लार्समन टेकड्यांवर आहे. त्याच्या पश्चिमेस केप डार्नली येथे तळजलाचा एक उगम असल्याचे २०१३ मध्ये जपानी संशोधकांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाले. त्या बाजूला एखादा अपरिचित उगम असावा अशी शंका रासायनिक खुणांनी आधीच निर्माण केली होती. निर्णायक पुरावा मात्र तळाशी नांगरलेल्या उपकरणांनी व अंगावर संवेदक बसविलेल्या हत्ती-सीलांनी दिला. रसायनाने दिशा दाखविली, प्रत्यक्ष मोजणीने जागा ठरविली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांमधील खोऱ्यात तळजलाचा प्रवाह मंदावल्याचा निष्कर्ष लवणता, तापमान व प्राणवायू यांच्या नोंदी एकत्र वाचूनच काढण्यात आला.

भारताची या क्षेत्रातील पायाभूत तयारी आता पुरेशी आहे. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघून ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. १९९८ साली वास्को येथे स्थापन झालेली व २०१८ पासून राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाणारी संस्था, २००४ ची 'सागर कन्या' जहाजावरील दक्षिण सागर मोहीम, स्वालबार येथील कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ मध्ये नांगरलेली 'इंडआर्क' वेधशाळा, आणि 'जिओट्रेसेस' कार्यक्रमातील भारताचा सहभाग ही तिची ठळक अंगे होत. हिंदी महासागराच्या बाजूचा दक्षिण सागर हे भारतीय संशोधकांचे स्वाभाविक क्षेत्र आहे. तेथे ऑक्सिजन समस्थानिक व लवणता यांच्या संबंधावर त्यांनी कामही केले आहे. हिवाळ्यातील, म्हणजे पाणी प्रत्यक्ष बुडण्याच्या ऋतूतील पृष्ठजलाची तृप्तता मोजणे हे या मार्गावरील पुढचे आवश्यक पाऊल ठरते. पहिल्या अटीची तपासणी त्याखेरीज होऊ शकत नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

अ) मागोवा-द्रव्ये ध्रुवीय अभिसरणाचा अपरिहार्य पुरावा देतात, परंतु 'पाण्याचे वय' हे मोजलेले मूल्य नसून गृहीतकांतून काढलेला निष्कर्ष असतो.

आ) पृष्ठभागावरील समतोल, द्रव्याची ठाऊक गती व मिश्रणाचे स्वरूप या तिन्ही बाबी ध्रुवीय सागरात विशेष अनिश्चित असतात. म्हणून एकाच द्रव्यावर आधारलेला कालनिर्णय अपुरा मानावा.

इ) सिलिकॉन-३२ चा इतिहास हे दाखवितो की मूळ मोजणी व स्थिरांक स्वतंत्रपणे नोंदविल्यास संशोधन कालबाह्य होत नाही, दुरुस्त होते.

ई) महाविद्यालयीन अध्यापनात १९८७ पासून रूढ झालेले सागरी 'वाहक पट्ट्या'चे चित्र व त्यासोबतचा 'हजार वर्षे' हा आकडा गृहीतकांसह शिकविला जावा. भूगोल, रसायन व भौतिकी या तिन्ही विभागांना सिलिकॉन-३२ चे उदाहरण एकत्रितपणे घेता येण्याजोगे आहे; त्यासाठी अर्धायुष्याचे एक सूत्र व फळ्यावरील दोन आकडे पुरतात.

तळाच्या पाण्याचे वय सांगणाऱ्या प्रत्येक विधानाला 'कोणत्या घड्याळाने व ते कोठे लावले होते' असे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर विज्ञानाच्या निष्कर्षाइतकीच त्याच्या पद्धतीची ओळखही त्याला झाली असे मानता येईल.